पुसलेलं नाव परत येतं तेव्हा

या महिन्याच्या टपालात सहा पत्रं ॲपमधल्या एकाच दुखण्याची निघाली. कुणाला सभासद काढायचाय, कुणाला साडी, कुणाला दूध घालणारा शेतकरी. बटण आहे, बटणावर ‘काढा’ असं लिहिलंय, पण निघत नाही. किंवा निघतं ते भलतंच. त्यामुळे प्रिंटरची दोन आणि पेन ड्राइव्हचं एक पत्र पुढच्या अंकावर ढकललंय. त्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. आमच्या गावातल्या वाचनालयाचं सभासदांचं ॲप मी सांभाळतो. ज्या मुलानं ते लिहिलं तो पुण्याला नोकरीला गेला. समोर ब्राउझरमध्ये बॅकबोन ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आहे, मागं सर्व्हरवर नोड आणि एक्स्प्रेस, डेटा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये. ‘सभासद काढा’ दाबलं की नाव यादीतून जातं, ‘सभासद काढला’ असा हिरवा संदेशही येतो. पण पान ताजं केलं की नाव परत हजर. गंमत म्हणजे आजच नोंदवलेला सभासद काढायला गेलं तर उलटं होतं. ‘काढता आला नाही’ असा लाल संदेश येतो, आणि पान ताजं केलं तर तो खरोखर गेलेला असतो! कन्सोलमध्ये काही दिसत नाही. कोडची पानं छापून सोबत जोडली आहेत.
— एक ग्रंथपाल, निपाणी तालुका

उत्तर : पानं छापून पाठवलीत, बरं केलंत. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटावर मालगाडी जाईपर्यंत रिक्षात बसून निम्मी वाचून झाली. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्या पानांत नाही, ती तुम्ही सहज लिहून गेलात. जुन्या सभासदाचं एक होतं आणि आजच्या सभासदाचं दुसरं. एकच बटण दोन तऱ्हांनी वागत असेल तर बटणाकडं बघत बसू नये. त्या दोन सभासदांत काय वेगळं आहे ते शोधावं.

त्याआधी थोडं कानउघाडणीचं. ‘कन्सोलमध्ये काही दिसत नाही’ असं मला सगळेच लिहितात. कन्सोलच्या शेजारीच नेटवर्क नावाचा कप्पा असतो, त्याकडं कुणी वळत नाही. एफ १२ दाबा, नेटवर्क उघडा, मग ‘काढा’ दाबा आणि तिथं डिलीट प्रकारची ओळ उमटते का ते बघा. तुमचा सभासद तीन ठिकाणी राहतो: पडद्यावरच्या ओळीत, ब्राउझरच्या स्मृतीतल्या मॉडेलमध्ये (म्हणजे बॅकबोननं ठेवलेल्या त्याच्या नोंदीत) आणि सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये. बटण दाबलं की तो तिन्ही घरांतून एकदम उठला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो कुठल्या घरातून उठला आणि कुठल्या घरात अजून पाय पसरून बसलाय, हे आधी बघायचं. चूक दुरुस्त करायची ती त्यानंतर.

जुना सभासद काढताना नेटवर्कमध्ये तुम्हाला एकही ओळ दिसणार नाही, हे मी इथं बसून सांगते. बॅकबोनचं ‘डिस्ट्रॉय’ सर्व्हरकडं जाण्याआधी मॉडेलला विचारतं, बाबा, तू नवा आहेस का? नवा म्हणजे सर्व्हरवर अजून कधी न साठवलेला. ही ओळख पटवायची त्याची खूण एकच, मॉडेलजवळ ‘आयडी’ आहे की नाही. आयडी नसेल तर सर्व्हरला या माणसाची खबरच नाही, मग कळवायचं कुणाला, असं धरून ते विनंती पाठवतच नाही. मॉडेल यादीतून उचलून टाकतं, आणि वर तुमचं यशाचं फंक्शनही बोलावतं. तुमचा हिरवा संदेश तिथून येतो. त्यात खोटेपणा नाही. बॅकबोनच्या समजुतीप्रमाणे काम खरंच झालेलं असतं.

आता जुन्या सभासदांजवळ आयडी का नाही? मोंगोडीबी ओळखक्रमांक ठेवते तो ‘अंडरस्कोर आयडी’ या नावानं, नुसत्या ‘आयडी’ या नावानं नाही. तुमच्या चौथ्या पानावर सर्व्हरच्या यादी देणाऱ्या मार्गात (‘राउट’मध्ये) कुणीतरी वेग वाढावा म्हणून ‘लीन’ लावलंय. लीन लावलं की मोंगूजचं, म्हणजे नोड आणि मोंगो यांच्यामध्ये बसणाऱ्या लायब्ररीचं, वेष्टण निघतं आणि मोंगोतला कच्चा माल तसाच ब्राउझरकडं जातो. त्यात अंडरस्कोरवाला क्रमांक तेवढा असतो. नवा सभासद नोंदवणाऱ्या मार्गात मात्र लीन नाही, आणि स्कीमात, म्हणजे नोंदीच्या आराखड्यात, ‘व्हर्च्युअल्स’ (डेटाबेसात न साठवता वरून जोडलेले रकाने) चालू केलेले आहेत, म्हणून तिथं मोंगूज आपल्या पदरचा साधा ‘आयडी’ जोडून देतं. आज नोंदवलेल्या माणसाजवळ आयडी आहे, कारण तो त्या दारानं आत आला. उद्या सकाळी यादी पुन्हा मागवली की तोही जुन्यांत जमा होणार आणि अमर होणार.

दुरुस्ती एका ओळीची आहे. बॅकबोनच्या मॉडेलमध्ये ‘आयडीॲट्रिब्यूट’ नावाची जागा असते, तिथं ‘अंडरस्कोर आयडी’ लिहा. पण थांबा, एवढंच करून पान मिटू नका. तसं केलंत तर जुन्या-नव्या सगळ्याच सभासदांवर लाल संदेश यायला लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. कारण दुसरं दुखणं वेगळंच आहे.

सातव्या पानावर, सभासद पुसून झाल्यावर, सर्व्हर ‘सेंडस्टेटस २००’ म्हणतो. २०० हा ‘सगळं ठीक’चा संकेतांक. एक्स्प्रेसमध्ये असं लिहिलं की उत्तराच्या पोटात ‘ओके’ एवढाच साधा मजकूर जातो. इकडं बॅकबोननं आपल्या विनंत्या ने-आण करणाऱ्या जेक्वेरीला आधीच बजावून ठेवलेलं असतं की उत्तर जेसन या ठरावीक मांडणीत येणार आहे. ‘ओके’ हे काही जेसन नाही. ते वाचताना अडखळलं की जेक्वेरी अख्खा व्यवहार फसल्याचं जाहीर करते, सर्व्हरनं २०० दिलेले असले तरी. पोटात काहीच न घालता नुसतं २०० पाठवलंत तरी हीच गत, कारण रिकामा कागद हेही जेसन नव्हे. मनीऑर्डर पोचली, पावती तेवढी पावसात भिजली, तसला प्रकार. तिथं २०० ऐवजी २०४ पाठवा. २०४ चा अर्थच ‘काम झालं, सांगण्यासारखं काही नाही’ असा आहे, आणि तो जेक्वेरीला कळतो.

दोन्ही दुरुस्त्या झाल्या की डिस्ट्रॉयला ‘वेट’ हा पर्याय ‘ट्रू’ करून द्या. नाहीतर बॅकबोन सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता नाव आधीच यादीतून काढून मोकळं होतं. मग वीज गेली, वायफाय पडलं, तरी वाचनालयातल्या बाईंना वाटतं की माणूस गेला. वेट लावलंत की सर्व्हर हो म्हणेपर्यंत नाव जागेवर राहतं. त्यानं दुसरी पंचाईत होते. नाव जात नाही म्हणून बाई बटण पुन्हा दाबतात. पहिल्या विनंतीनं माणूस गेला, दुसरीला ४०४ (‘असं काही सापडलं नाही’) मिळालं, लगेच लाल संदेश. पहिल्या दाबानंतर बटण बंद करा, आणि काढताना आलेल्या ४०४ ला अपयश समजू नका. जो नसावा असं आपल्याला वाटत होतं तो नाहीच आहे, मग भांडण कशाचं?

आणखी एक बघून ठेवा. कधी सर्व्हरच्या नोंदीत ‘कास्ट टू ऑब्जेक्टआयडी फेल्ड’ असं दिसलं तर मोंगूजला दोष देण्याआधी नेटवर्कमधल्या पत्त्याचं शेपूट वाचा. मोंगोचा क्रमांक सोळा आकडी पद्धतीतल्या २४ चिन्हांचा असतो. तिथं बहुतेक वेळा ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द जाऊन बसलेला सापडतो.

प्रश्न : ताई नमस्कार. वडगावात आमचा मागाचा धंदा आहे. मुलीनं साड्यांच्या स्टॉकचं ॲप केलंय, साधं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. एक साडी काढायला गेलं की यादीतली शेवटची साडी जाते. कुठलीही निवडा, जाते शेवटचीच. मुलगी दोन दिवस जेवली नाही.
— एक वाचक, वडगाव

उत्तर : तिला आधी जेवायला घाला. ‘जाते शेवटचीच’ या दोन शब्दांत निदान आहे. आणि हे निदान मला पुस्तकातून आलेलं नाही, फार महागात पडून आलंय. तेवढं ऐकून घ्या.

२०११ ची गोष्ट. मी तेव्हा इथल्याच एका पतसंस्थेत कारकून होते आणि रात्री जागून जावास्क्रिप्ट शिकत होते. शिकणाऱ्याला हात शिवशिवतात. मी संस्थेच्या सभासदांची यादी ब्राउझरमध्ये आणली, आडनावाप्रमाणं लावली, प्रत्येक ओळीपुढं ‘कमी करा’ असं बटण ठेवलं. साहेब खूश. त्या वर्षी चार सभासद वारले होते. मी चौघांपुढचं बटण एकेकदा दाबलं, यादी फाइलीत साठवली, वरचा आकडा मोजला. ४१२ होते, ४०८ झाले. तेरीज जुळली म्हणून मी समाधानानं घरी गेले.

लाभांश वाटपाच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काउंटरपाशी आले. आडनाव ‘ह’नं सुरू होणारं. यादीत नाव नाही. ते माझ्याकडं बघत म्हणाले, “बाई, माझं नाव कुठं गेलं म्हंतो मी? मी अजून जित्ता हाय की!” त्यांच्या मागं आणखी एक ‘ह’ उभे होते. संध्याकाळपर्यंत कळलं ते असं, की वारलेले चौघंही यादीत सुखरूप होते, आणि यादीच्या तळातले चार जिवंत सभासद मी कमी केले होते. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बरोबर असं नसतं, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षी शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. कापडी बांधणीचं जुनं सभासद रजिस्टर कपाटात होतं म्हणून निभावलं.

घडलं ते तुमच्या मुलीच्या कोडमध्ये घडतंय तेच. यादीतली जागा शोधायला तिनं ‘फाइंडइंडेक्स’ वापरलं असणार. माझ्या वेळी ते भाषेत नव्हतं, २०१५ च्या आवृत्तीत आलं. मी ‘इंडेक्सऑफ’ वापरलं होतं. दोघांचा स्वभाव सारखाच, वस्तू सापडली नाही तर ओरडत नाहीत, गुपचूप उणे एक हातात ठेवतात. तो उणे एक तसाच, दिलेल्या जागेवरची वस्तू काढणाऱ्या ‘स्प्लाइस’कडं जातो. स्प्लाइसला ऋण आकडा दिला की ते शेवटाकडून मोजतं. उणे एक म्हणजे शेवटून पहिली. म्हणजेच शेवटची साडी. दोन शहाण्या माणसांनी आपापल्या रीतीनं नीट वागून मिळून घर बुडवावं, तसं हे आहे.

पण साडी मुळात सापडत का नाही? बटणावर साडीचा क्रमांक ‘डेटा’ गुणधर्मात ठेवला असेल. एचटीएमएलच्या गुणधर्मात काहीही ठेवा, परत मिळतो तो मजकूरच. यादीत क्रमांक आहे संख्या म्हणून १२, बटणातून येतो मजकूर म्हणून ‘१२’, आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की जावास्क्रिप्ट दोघांना परके मानतं. दिसायला जुळे, पण रेशन कार्डं वेगळी.

तेव्हा तुलना करण्याआधी बटणातला क्रमांक ‘नंबर’मधून काढा. जागा उणे एक आली तर तिथंच थांबा आणि ओरडा, स्प्लाइसपर्यंत जाऊच नका. मला विचाराल तर स्प्लाइस सोडाच. ‘फिल्टर’नं ती एक साडी वगळून नवी यादी करा. फिल्टरला साडी सापडली नाही तर फार तर काहीच जाणार नाही, दुसऱ्याची साडी तरी जाणार नाही. आणि मोजणी जुळली यावर भागवू नका. काढलेल्या साडीचा क्रमांक नव्या यादीत शोधून बघा, सापडला नाही तरच खरं.

प्रश्न : मॅडम, शहापूरमध्ये आमचं मिठाईचं दुकान आहे. ऑर्डरींच्या यादीत पोच झालेल्या ऑर्डरी निवडून ‘सगळ्या काढा’ केलं की निम्म्याच जातात. पुन्हा दाबलं की उरलेल्यातल्या निम्म्या. असं चार वेळा दाबून काढतो. चालतंय, पण बरं दिसत नाही.
— एक वाचक, शहापूर

उत्तर : चालतंय म्हणून चार वेळा दाबत बसायचं, हे मात्र अस्सल बेळगावी हो!

सहा कुंद्याचे डबे ओळीत मांडलेत असं समजा. पहिला उचलला की मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात, दुसरा पहिल्याच्या जागी येतो. तुम्ही मात्र ठरल्याप्रमाणे दुसऱ्या जागेवर जाता. तिथं आता तिसरा बसलाय. तो उचलता, परत सगळे सरकतात. शेवटी पहिला, तिसरा, पाचवा गेला आणि दुसरा, चौथा, सहावा राहिला. यादीतल्या एकेका वस्तूवरून फिरणारं ‘फॉरईच’ चालू असताना त्याच यादीतून काढत राहिलं की हेच होतं, आणि चूकही दिसत नाही, कारण शेवटच्या रिकाम्या जागा फॉरईच मुकाट ओलांडतं. निपाणीच्या ग्रंथपालांनीही हे वाचून ठेवावं. बॅकबोनच्या ‘ईच’मध्ये वेट न लावता डिस्ट्रॉय केलं तर तिथं सुरुवातीची लांबी धरून ठेवलेली असते, म्हणून निम्मी मॉडेलं गेल्यावर ‘अनडिफाइन्डचं डिस्ट्रॉय वाचता येत नाही’ अशा अर्थाची चूक येते.

यादीची आधी ‘स्लाइस’नं नक्कल काढा, फिरा त्या नकलेवरून आणि काढा मूळ यादीतून. नाहीतर शेवटाकडून सुरुवातीकडं या. शेवटचा डबा उचलला तर सरकायला मागं कुणी नसतं.

प्रश्न : ताई, खानापूर तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांची यादी आणि रोजच्या नोंदी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये, कोड आणि डेटाबेसच्या मधे सिक्वेलाइझ ही लायब्ररी. काही शेतकऱ्यांनी म्हशी विकल्या, त्यांची नावं काढायचीत. काढायला गेलं की पडद्यावर नुसतं ‘५००’, म्हणजे सर्व्हरमध्ये काहीतरी बिघडलं एवढंच. सर्व्हरच्या नोंदीत चूक क्रमांक १४५१ आणि ‘फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्स’ असं काहीतरी आहे. एका व्हिडिओत सांगितलंय की ‘फॉरेन की चेक्स’ शून्य करा, मग जातं. करू का?
— केंद्राचा हिशेबनीस

उत्तर : नको. हात जोडते, नको.

१४५१ म्हणजे डेटाबेसनं तुमचा हात धरलाय. शेतकऱ्याच्या क्रमांकावर सकाळ-संध्याकाळच्या लिटरच्या, फॅटच्या, एसएनएफच्या, दराच्या नोंदी टांगलेल्या आहेत. खुंटी उपटली तर त्या नोंदी कुणाच्या? व्हिडिओवाल्यानं सांगितलं तसं तपासणी बंद करून शेतकरी पुसलात तर तो जाईल खरा, पण त्याच्या नोंदी बेवारस पडून राहतील. नंतर तपासणी परत चालू केली म्हणून मायएसक्यूएल मागं जाऊन त्या शोधून देत नाही. बिलांच्या बेरजेत त्यांचं दूध मोजलं जाईल, शेतकऱ्यांची नावं जोडून केलेल्या बेरजेत मोजलं जाणार नाही, आणि वर्षअखेरीस दोन बेरजांत फरक निघाला की हिशेबनीस म्हणून तुम्हालाच उभं करतील.

दुसरा मार्ग कुणीतरी सुचवेलच, तो ‘कॅस्केड’चा. म्हणजे शेतकरी गेला की त्याच्या सगळ्या नोंदीही आपोआप जाव्यात. कुठं कुठं ते योग्य असतं. रद्द झालेल्या ऑर्डरीबरोबर तिच्यातल्या ओळी जाव्यातच. पण इथं एका बटणानं एका माणसाचं दहा वर्षांचं दूध गटारात ओतल्यासारखं होईल.

वट्टात विचाराल तर या शेतकऱ्याला काढायचंच नाहीये तुम्हाला. तो उद्याच्या सकाळच्या यादीत दिसू नये, एवढंच हवंय. आमच्या पतसंस्थेत किर्दीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या ओळीवर तांबड्या शाईची एक रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. तीच रीत इथं. तक्त्यात ‘डिलीटेडॲट’ असा तारखेचा रकाना ठेवा. शेतकरी बंद झाला की त्यात तारीख पडेल, ओळ जागेवर राहील. सिक्वेलाइझमध्ये मॉडेलवर ‘पॅरॅनॉइड’ चालू केलंत की ‘डिस्ट्रॉय’ म्हटल्यावर ते हेच करतं आणि रोजच्या शोधात तशा ओळी स्वतःहून वगळतं. मात्र स्वतः लिहिलेल्या कच्च्या एसक्यूएलला ही रीत माहीत नसते. तिथं ‘तारीख रिकामी असेल तरच’ ही अट तुम्हीच घालायची.

यात एक खड्डा आहे, मी पडले होते म्हणून सांगते. शेतकरी क्रमांकावर ‘युनिक’ची अट असेल आणि म्हैस विकलेल्यानं पुढच्या वर्षी नवी म्हैस आणली, तर तोच क्रमांक त्याला पुन्हा देता येणार नाही. दिसत नसलेली जुनी ओळ वाटेत आडवी पडलेली असते. त्याला नव्यानं नोंदवू नका, जुन्याच ओळीवर ‘रिस्टोअर’ चालवा. तारीख पुसली जाते, माणूस परत.

आणि ते ५००. ते तुमच्या केंद्रावरच्या मुलाला काय सांगतं? काहीच नाही. शेतकरी नाही, पण काही गोष्टी खरोखरच पुसाव्या लागतील, उदाहरणार्थ चुकून दोनदा टाकलेलं गाव. अशा वेळी सिक्वेलाइझची फॉरेन कीची चूक पकडा, ५०० ऐवजी ४०९ (‘आधीच्या नोंदींशी टक्कर’) पाठवा आणि सोबत माणसाला कळेल असं एक वाक्य: ‘या गावाखाली अमुक शेतकरी आहेत, आधी त्यांना हलवा.’ तुमच्याकडं ते मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा. केंद्रावर दोन्ही वाचणारी माणसं येतात.

प्रश्न : मॅम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये गेट (मागवण्याची विनंती) आणि पोस्ट (पाठवण्याची) चालतं, डिलीट केलं की कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर विनंती पाठवायच्या ब्राउझरच्या नियमांची, एरर. पोस्टमन या विनंत्या तपासायच्या ॲपमधून तीच डिलीट व्यवस्थित जाते. सबमिशन सोमवारी आहे.
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : मासिक तुझ्या हातात पडेपर्यंत तो सोमवार होऊन गेलेला असणार, पण व्हायवात विचारतील, म्हणून लिहिते. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर काय चाललं होतं आठवतं? कोल्हापूरकडून येणाऱ्याला आधी विचारायचे, आरटीपीसीआर निगेटिव्ह आहे का, मगच गाडी पुढं. ब्राउझरसाठी दुसऱ्या पत्त्यावर जाणारी डिलीट ही अशी गाडी आहे. ती सोडण्याआधी ब्राउझर ‘ऑप्शन्स’ नावाची एक विनंती पुढं पाठवून सर्व्हरला विचारतो, तुमच्याकडं डिलीट चालतं का? सर्व्हरच्या उत्तरात ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-मेथड्स’ या ओळीत डिलीट नसेल तर खरी विनंती निघतच नाही. साधं गेट आणि साधं पोस्ट न विचारता सुटतात, म्हणून ती तुझी चालली. पोस्टमन हा ब्राउझर नाही, त्याच्या वाटेत नाकाच नाही. एक्स्प्रेसमध्ये ‘कॉर्स’चं मिडलवेअर सगळ्या मार्गांच्या वर लाव, आणि मेथड्सची यादी स्वतः लिहिली असशील तर तिच्यात डिलीट घाल. फ्रंटएंडच्या कोडला हात लावू नकोस, तिथं काही बिघडलेलं नाही.

प्रश्न : ताई, गणपती मंडळाच्या वर्गणीचं ॲप केलंय. पावती क्रमांक टाकून चुकलेली पावती काढायची सोय आहे. माझ्या फोनवर चालते, आमच्या खजिनदारांच्या फोनवर नेहमी ‘अशी पावती नाही’. पावती तर समोर दिसते!
— एक कार्यकर्ता, उचगाव

उत्तर : खजिनदारांचा कळफलक मराठी असणार. ते १२ देवनागरीत टाइप करतात, आणि जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ देवनागरी अंक ओळखत नाही. ते ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) देतं, आणि नॅन कशाशीच जुळत नाही, स्वतःशीसुद्धा नाही. उद्या कुणी कन्नड अंकांत टाइप केलं तरी तेच होईल, आणि उचगावात ते होणारच. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, कन्नड शून्याचा ३३०२, आणि दोन्हीकडं पुढचे नऊ अंक ओळीनं लागून आहेत. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून आपापलं शून्य वजा केलं की खरा अंक हातात येतो. ही वजाबाकी फॉर्मच्या खोक्यातून किंमत उचलताक्षणी करा, शोधण्याच्या वेळी नको. नाहीतर साठवताना एक रूप जाईल आणि काढताना दुसरं, आणि खजिनदारांनी स्वतः फाडलेली पावती त्यांनाच सापडणार नाही. छापताना मात्र अंक देवनागरीच ठेवा, पावतीवर तेच शोभतात.